‘रिमांड होम’मधली मुलगी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बालकल्याण संकुलाचा पत्ता विचारला, तर ‘म्हंजे रिमांड होम न्हवं का?’ असं विचारणारा एखादा अजूनही भेटेल. नाव बदललं, जीभ बदलली नाही. आणि त्या जुन्या नावाबरोबर पहिला गैरसमज येतो: तिथल्या पोरीनं काहीतरी केलं असणार.

2015 च्या बाल न्याय कायद्यात आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्यांसाठी बालगृह. दुसऱ्या गटात अनाथ मुलंच असतात असंही नाही. पालक आजारी किंवा सांभाळायला असमर्थ असलेली मुलं त्यात येतात, आणि अठराच्या आत जिचं लग्न लावलं जाण्याची भीती आहे अशी मुलगीही. म्हणजे नववीतली एखादी बोहल्यावर चढायला नकार देऊन इथं आली, तर संशय तिच्यावरच!

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक, हा दुसरा घोटाळा. प्रतिपालक कुटुंब मुलाला काही काळ सांभाळतं. शिक्षण, आरोग्य, आहार पाहतं, आणि बाल न्याय कायद्याखालच्या बालकल्याण समितीनं दरमहा पाहणी करायची असते. वारसाहक्क वगैरे काही नाही. 2024 च्या केंद्राच्या सूचनांनुसार 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते. राज्याची बालसंगोपन योजना आणखी वेगळी: मूल संस्थेत न जाता घरच्यांकडे, नातेवाइकांकडेच वाढावं म्हणून महिन्याला 2250 रुपये.

‘या मुली अभ्यासात मागेच असतात’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. घर बदललं की शाळा बदलते, तीही वर्षाच्या मध्येच. अपूर्णांक एका शाळेत राहून गेले, समीकरणं दुसरीत. त्यात ‘माझे बाबा’ हा निबंध, आणि पालकसभेत रिकामी राहणारी खुर्ची. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, पण शिक्षणहक्क कायद्याचं हे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच, आठवीपुरतं. गरज वाढते तिथंच ते संपतं.

याउलट ‘त्या जात्याच चिवट असतात’ हे कौतुकही फसवं. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. सर्वांत खडतर परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, शेजारीण, कधी शिक्षिका. म्हणजे ते माणूस घरातलंच हवं असं नाही; आणि जिथं शाहू महाराजांच्या बोर्डिंगांत पिढ्या शिकल्या, त्या कोल्हापूरला घराबाहेर वाढणं नवं नाही.

अठरा पूर्ण झाली की रस्त्यावर, असंही नाही. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय 21 पर्यंत, अपवादात्मक प्रसंगी 23 पर्यंत आहे. 2018 पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षणही आहे. मात्र त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. त्या कागदाच्या मागे नववीतच लागावं, बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहून नव्हे.