डोंगराचा धोका आणि सर्वांची वर्गणी



डोंगराखालच्या घराचा विमा हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. पण ज्याच्या डोक्यावर दरड आहे तोच तेवढा विमा उतरवू लागला, तर हप्ता त्याला पेलवणार नाही. सपाटीवरचा माणूस म्हणेल, मला काय त्याचे? युनियनमध्ये नवा कामगार मला हेच विचारतो : संप नाही, मग वर्गणी कशाला?

स्वित्झर्लंडने याचे उत्तर फार पूर्वी शोधले. तेथे प्रांताला कँटन म्हणतात. २६ पैकी १९ कँटनांत घराचा विमा सक्तीचा असून तो सार्वजनिक संस्थेकडेच उतरवावा लागतो. अशी पहिली संस्था आरगाऊ येथे १८०५ साली निघाली. आगीप्रमाणेच पूर, हिमलोट व दरड यांचीही भरपाई मिळते. इतर कँटनांत कंपन्या खाजगी आहेत. पण आगीच्या विम्याला हे संरक्षण जोडलेच पाहिजे आणि त्याचा दर सर्वांना सारखा, असा कायदा आहे.

परंतु नुसती भरपाई दिली, तर लोक पुन्हा त्याच जागी घर बांधतील. १९५०-५१ च्या हिवाळ्यात हिमलोटांनी त्या देशात ९८ बळी घेतले. पुढे गावोगावचे धोक्याचे नकाशे तयार झाले. लाल पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही. निळ्यात अटी पाळून बांधता येते. सार्वजनिक विमा संस्था हप्त्यांतला काही पैसा प्रतिबंधासाठीही खर्च करतात.

म्हणून धोका टळतो असे नाही. २८ मे २०२५ रोजी हिमनदी कोसळून ब्लाटेन गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. सुमारे ३०० रहिवाशांना आधीच हलवले होते, म्हणून प्राणहानी एकाच माणसाची झाली.

आपल्याकडे ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे मेली. मागे राहिलेल्यांना सरकारी मदत मिळाली. पण ती नंतरची गोष्ट. नकाशा आणि वर्गणी या आधी करण्याच्या गोष्टी आहेत.

एक मात्र बजावून सांगतो. नकाशावर लाल रंग भरणे सोपे आहे. त्या रंगाखाली ज्याचे घर आणि भातखाचर येते, त्याला दुसरी जमीन कोण देणार, हे त्याच कायद्यात लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर ते संरक्षण नव्हे, ती हकालपट्टी होईल.