दोन भाषांची बालवाडी : शिक्षिकांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन भाषांची बालवाडी म्हटले की इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकवणारी महागडी शाळा डोळ्यांसमोर येते. भारतात मात्र अशा बालवाड्या गल्लोगल्ली आहेत, फक्त त्यांना तसे कोणी म्हणत नाही. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात अनेक घरांत दख्खनी उर्दू बोलली जाते आणि बाहेरचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो. तिथल्या अंगणवाडीत येणारे मूल पहिल्या दिवसापासून दोन भाषांत वावरते.

त्यामुळे मूल गोंधळते, उशिरा बोलते, हा सर्वांत चिवट गैरसमज. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. एकाच वाक्यात दोन्ही भाषांचे शब्द येणे या वयात स्वाभाविक आहे. प्रत्येक भाषेतला शब्दसाठा सुरुवातीला थोडा कमी दिसला, तरी दोन्हींची बेरीज एकभाषिक मुलाच्या शब्दसाठ्याच्या तोडीची असते. म्हणून ‘घरी उर्दू बोलू नका’ हा पालकांना दिला जाणारा सल्ला चुकीचा आणि मुलाचे नुकसान करणारा आहे.

शिक्षिकेला शाळेची भाषा आली की पुरे, असेही मानले जाते. ‘पानी होना’ म्हणणाऱ्या मुलीला आधी पाणी द्यावे लागते. ते देता देता ‘नीरु बेका?’ असे विचारले की कन्नड आपोआप कानावर पडते. घरची भाषा कळणाऱ्या बाईलाच हे जमते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

लहान मुले सांभाळायला प्रशिक्षण कशाला, या समजाला महाराष्ट्राने फार पूर्वीच उत्तर दिले. मराठी घरातल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत गुजराती बालमंदिरात काम केले आणि 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ तिथे ताराबाईंच्या सहकारी म्हणून आल्या. 1957 मध्ये काम कोसबाडला हलले. तिथली वारली आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यांवरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आली, तर तिला परत न पाठवता भावंडाचीही सोय व्हायची. ही जाण मुलांच्या रोजच्या निरीक्षणातून, अभ्यासाने आलेली होती.

संस्थेचे नेतृत्व म्हणजे हजेरीपट आणि हिशेब, ही समजूतही कोसबाडला टिकत नाही. ताराबाई आणि अनुताई स्वतः मुलांत बसत, शिक्षिका घडवत आणि अनुभव लिहून ठेवत. अंगणवाडीच्या सरकारी व्यवस्थेत हे काम पर्यवेक्षिकेकडे येते. बाईला कुठे अडते, हे पाहून तिला हात देणे हा त्या पदाचा गाभा आहे. प्रत्यक्षात मात्र नोंदवह्या तपासण्यातच तिचा बराच वेळ जातो.

अंगणवाडी म्हणजे फक्त खाऊवाटप, हा समजही चुकीचा. अंगणवाड्या ज्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातल्याच टी. नरसीपूर इथला, 100 अंगणवाड्यांचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण योजनेत सुरुवातीपासून आहे. तरीही अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळते. त्यांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये स्पष्ट केले.