खरेपणाची किंमत

ज्या घरांत दहा-बारा पानें एका पंक्तीस पडतात, त्या घरांत पुढारीपणाचा प्रश्न रोजचा असतो. कर्त्या पुरुषाचा शब्द धाकानें चालतो कीं विश्वासानें चालतो, हें तेथील लहान मुलासही कळतें. अशा घरांत वडील माणसाच्या हातून चूक झाली, तर ती त्यानें सर्वांसमक्ष कबूल करावी, कीं घराचा मान राहावा म्हणून झांकावी? आमच्या बहुतेक घरांनीं 'झांकावी' असेंच उत्तर आजवर दिलेलें आहे. परंतु या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेंत पुढारीपणाची जी एक उपपत्ति पुढें आली, तिचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. ती उपपत्ति व तिच्यावरील आक्षेप आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचाराला जोर आला तो एका मोठ्या लाजिरवाण्या प्रसंगानंतर. २००१ च्या डिसेंबरांत एनरॉन ही प्रचंड कंपनी दिवाळखोरींत निघाली. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळें हें नांव महाराष्ट्रास चांगलेंच परिचित आहे. पुढच्याच वर्षीं वर्ल्डकॉमची तीच गत झाली. दोन्हीकडे हिशेब खोटे होते आणि दोन्हीकडील प्रमुख तोंडानें मात्र सचोटीची भाषा बोलत होते. अशा वेळीं, हृदयाच्या ठोक्यांस आधार देणारें पेसमेकर यंत्र बनविणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीचे माजी प्रमुख बिल जॉर्ज यांनीं २००३ सालीं एक पुस्तक लिहून 'अस्सल नेतृत्वा'चा पुरस्कार केला. पुढाऱ्यानें दुसऱ्याची नक्कल करूं नये, आपलें ध्येय व आपलीं मूल्यें ओळखून त्यांप्रमाणें वागावें, हें त्याचें सार. पुढें २००८ सालीं वालुंब्वा, अव्होलिओ प्रभृति विद्वानांनीं हा गुण मोजण्यासाठीं सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि ती अमेरिका, चीन व केनिया येथें वापरून पाहिली.

या विद्वानांच्या मतें अस्सल नेतृत्वाचीं अंगें चार. पहिलें आत्मज्ञान: आपलें बळ कशांत, उणीव कशांत आणि आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर परिणाम काय होतो, हें पुढाऱ्यास ठाऊक असावें. दुसरें मोकळेपणा: पोटांत एक व ओठांवर दुसरें असें नसावें, चूक झाल्यास ती सांगावी. तिसरें समतोल विचार: निर्णयापूर्वीं सर्व बाजूंची छाननी करावी, आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्याचें मुद्दाम ऐकावें. चौथें अंतःकरणांतील नीति: लोकांच्या दडपणानें नव्हे, तर स्वतःस पटलेल्या नीतीनें चालावें. ऐकावयास हीं चारही तत्त्वें सुभाषितांसारखीं सोपीं वाटतात. तीं आचरणांत किती महाग पडतात हें पाहण्यास अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या इतिहासांतच त्याचें उदाहरण आहे.

१८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें. रोग्यांचा शोध करण्यासाठीं गोरे शिपाई घरोघर झडत्या घेत असत. त्या सुमारास फर्ग्युसन कॉलेजांतील तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले हे वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां विलायतेंत गेले होते. पुण्याहून त्यांस मित्रांचीं पत्रें येत. शिपायांनीं दोन स्त्रियांची अब्रू घेतली व त्यांपैकीं एकीनें जीव दिला, असें त्या पत्रांत होतें. गोखल्यांचें मन पेटून उठलें आणि त्यांनीं ही हकीकत 'मँचेस्टर गार्डियन' पत्राच्या द्वारें जाहीर केली. मुंबई सरकारनें आरोप साफ नाकारला. इकडे २२ जूनच्या रात्रीं पुण्यांत रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. आणि जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईस उतरले, तेव्हां टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झालेली होती.

गोखल्यांनीं पुराव्यासाठीं पुष्कळ खटपट केली. परंतु ज्यांच्या शब्दावर त्यांनीं भरंवसा ठेवला, ते पुढें येण्यास तयार होईनात. आतां सुटकेच्या वाटा दोन होत्या. मौन धरावें, म्हणजे निदान आपल्या लोकांत मान राहील. अथवा पत्रलेखकांचीं नांवें सांगून भार त्यांच्या माथीं मारावा. गोखल्यांनीं दोन्ही वाटा सोडल्या. त्यांनीं वर्तमानपत्रांतून गव्हर्नर, प्लेग कमिटी व शिपाई यांची बिनशर्त माफी मागितली. आणि पत्रलेखकांचीं नांवें मात्र उघड केलीं नाहींत.

वरील चार अंगांच्या कसोटीवर हा प्रसंग घांसून पाहावा. पत्रांची छाननी केल्यावांचून बोलणें ही तिसऱ्या अंगांतील चूक खरीच. पण ती कळतांच त्यांनीं ती पदरांत घेतली. शिवाय त्यांनीं नांवें सांगितलीं नाहींत, यावरून आणखी एक गोष्ट दिसते. मोकळेपणा म्हणजे सर्व कांहीं बोलून टाकणें नव्हे. स्वतःचा दोष सांगावा. दुसऱ्याचें गुपित सांगूं नये.

परिणाम काय झाला? पुण्यांत त्यांची फार निर्भर्त्सना झाली; भित्रा म्हणून त्यांस हिणविण्यांत आलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं, प्लेगपीडितांच्या सेवेस वाहून घेतलें. १८९९ मध्यें ते मुंबईच्या कायदेमंडळांत गेले, १९०२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत. १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला व त्याच वर्षीं बनारसच्या काँग्रेसचें अध्यक्षपद भूषविलें. पुढें गांधींनीं त्यांस आपले राजकीय गुरु म्हटलें. ज्यानें आपली चूक जाहीरपणें कबूल केली, त्याच्या पुढील शब्दास वजन येतें. अस्सल नेतृत्वाचें मुख्य बळ तें हेंच.

तथापि या नाण्यास दुसरी बाजू आहे. माफीनें गोखल्यांचें मन निर्मळ राहिलें. परंतु ज्यांच्या देवघरांत व माजघरांत शिपाई शिरले, त्या कुटुंबांस काय वाटलें असेल? पुरावा मिळाला नाहीं म्हणजे दुःख खोटें होतें, असें नव्हे. पुढाऱ्याच्या खरेपणाची किंमत पुष्कळदां त्याच्या अनुयायांनाही मोजावी लागते, आणि या गोष्टीचा हिशेब ही उपपत्ति पुरेसा करीत नाहीं.

आणखी एक अडचण गोखल्यांच्या गुरूंच्या चरित्रांत सांपडते. न्यायमूर्ति रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तरी १८७३ मध्यें पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहामुळें त्यांनीं अकरा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणींही स्वतःच्या मताविरुद्ध त्यांनीं पुढें प्रायश्चित्त घेतलें व सुधारकांची टीका मुकाट्यानें सोसली. येथें अस्सल रानडे कोणते? सुधारक रानडे, कीं वडिलांचा शब्द न मोडणारे पुत्र? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाचें 'स्वत्व' एकट्याचें नसतें. 'आपल्या मनाप्रमाणें वाग' हा उपदेश अशा वेळीं अपुरा पडतो.

विद्वानांचेही आक्षेप आहेत. हर्मिनिया इबारा या विदुषीनें २०१५ सालीं दाखविलें कीं, 'मी हा असा आहें' या शब्दांआड पुष्कळ लोक नवें शिकण्याचें टाळतात. वस्तुतः नव्या जबाबदारीबरोबर माणसाचें स्वत्वही वाढत असतें. २०१६ मधील एका तुलनेंत असें आढळलें कीं, हें मोजमाप परिवर्तनशील नेतृत्वाच्या जुन्या मोजमापाशीं फारच मिळतें-जुळतें आहे. २०१९ मध्यें अल्वेसन व आयनोला यांनीं तर या साऱ्या उपपत्तीचा पायाच कच्चा ठरविला. शिवाय प्रश्नावलींत अनुयायांस पुढारी जसा दिसतो तेवढेंच उतरतें. त्याच्या अंतःकरणांतील खरेपणा कोणत्या मापानें मोजावा?

हे सर्व आक्षेप मान्य करूनही आम्हांस या विचारांत घेण्यासारखें पुष्कळ दिसतें. फटकळपणास खरेपणा समजूं नये आणि हट्टास तत्त्वनिष्ठा म्हणूं नये, एवढें पथ्य मात्र पाळावें. सुनेवर अथवा धाकट्या भावावर ऐकीव गोष्टीवरून ठपका ठेवला आणि मागाहून तो खोटा निघाला, तर सामान्यतः घरांत काय होतें? विषय बदलला जातो; फार तर त्या दिवशीं पानांत एक गोड पदार्थ अधिक पडतो. त्याऐवजीं कर्त्या माणसानें पंक्तींतच, जेथें ठपका ठेवला तेथेंच, 'चूक माझी झाली' एवढे तीन शब्द उच्चारले, आणि कान भरणाऱ्याचें नांव मात्र काढलें नाहीं, तर घराचा मान कमी होईल कीं वाढेल? ज्या सुनेनें तो ठपका मुकाट्यानें सोसला, तिलाच हा प्रश्न प्रथम विचारावा, असें आम्ही वाचकांस सुचवितों.