गावाला जाताना कुत्र्यामांजराची सोय

दिवाळीची किंवा मे महिन्याची तिकिटं आपण बरीच आधी काढतो, पण घरच्या कुत्र्याचं किंवा मांजराचं काय करायचं हा प्रश्न बॅगा भरताना पुढे येतो. तोवर चांगल्या जागा भरून गेलेल्या असतात आणि मिळेल त्याच्या हाती जनावर सोपवावं लागतं. सोय पारखून घ्यायला वेळ लागतो, म्हणून निदान महिनाभर आधी पुढील क्रमानं तयारी सुरू करावी.

पहिलं ठरवायचं ते जनावर कुठे राहील हे. कुत्र्याला माणसाची सोबत लागते. ओळखीच्या घरी किंवा चांगल्या बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन प्राणी सांभाळणाऱ्या जागी, ते रमू शकतं. मांजराचा जीव जागेत असतो. त्याला शक्यतो स्वतःच्याच घरी ठेवावं आणि कुणीतरी दिवसातून दोनदा येऊन जावं.

मांजराच्या बाबतीत एक चूक हमखास होते. भरपूर खाणं काढून ठेवलं की दोन दिवसांआड फेरी मारली तरी चालेल, असं वाटतं. पण मांजरानं दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. बोक्याची लघवी तुंबली, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणून ताटलीबरोबर शी-शूचा मातीचा ट्रेही रोज पाहायला सांगावं.

दुसरी पायरी लसींची. रेबीज आणि कुत्र्यांसाठीची ‘नाइन इन वन’ (पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो अशा अनेक रोगांवरची एकत्र लस) यांच्या तारखा पाहाव्यात. कुत्रं बोर्डिंगमध्ये राहणार असेल, तर केनेल कफच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. अनेक कुत्री एकत्र आली की झपाट्यानं पसरणारा हा खोकला आहे. प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे लसी निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी व्हाव्यात. लसीचं पुस्तक न पाहता प्रवेश देणारी जागा टाळा. ती इतरांनाही तसाच प्रवेश देत असणार.

तिसरी पायरी म्हणजे जागा स्वतः पाहणं. फोटोंवर विसंबू नका. प्राणी रात्री जिथे झोपतात, ती खोली दाखवा म्हणून सांगा. रात्री तिथे माणूस असतो का? अनोळखी कुत्री एकत्र सोडतात का? बाहेर जायला एकामागे एक दोन दारं आहेत का? फरशी कशानं पुसतात? काळ्या फिनाइलमधली रसायनं मांजरांना विषारी असतात. सांभाळणारा आपल्याला काय विचारतो, तेही ऐका. जनावर कशाला घाबरतं, कुणाला चावलंय का, औषध चालू आहे का, हे न विचारता फक्त दर सांगणाऱ्याकडे ठेवू नये.

चौथी पायरी बहुतेकजण गाळतात. ती म्हणजे एका रात्रीची चाचणी. आयुष्यातला पहिलाच परका मुक्काम थेट दहा दिवसांचा असू नये. आपण गावातच असताना एक रात्र ठेवून पाहावं. जनावरानं खाल्लं का, झोपलं का, सतत धापा टाकत होतं का, हे विचारावं. जमलं नाही, तर दुसरी सोय शोधायला अजून वेळ असतो.

पाचवी पायरी, सगळं कागदावर लिहून देणं. खाणं ‘थोडंसं’ असं न लिहिता वाटीच्या मापानं लिहा. औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ लिहा. चॉकलेट, बेदाणे, कांदा, लसूण द्यायचा नाही, हे ठळक लिहा. दिवाळीत प्रेमानं भरवलेला बेदाणे घातलेला चिवडाही महागात पडतो. नेहमीच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर द्या. आपला फोन लागला नाही, तर उपचारांचा निर्णय गावातलं कोण घेईल आणि किती खर्चापर्यंत, हे लिहून सही करा. थोडी रक्कम आधीच देऊन ठेवा.

सोपवण्याच्या दिवशी नेहमीचंच खाणं, दोन दिवसांचं जास्तीचं, बरोबर द्या. अचानक बदललेल्या खाण्यानं पोट बिघडतं. अंगाखालची चादर न धुता द्या. घरच्या वासानं धीर येतो. कुत्री बहुधा नव्या माणसानं दार उघडताच निसटतात. म्हणून गळ्यातल्या बिल्ल्यावर सांभाळणाऱ्याचाही नंबर असू द्या, कारण आपण प्रवासात असणार. दिवाळीत अंधार पडायच्या आत फिरवून आणायला आणि खिडक्या लावून घ्यायला सांगा.

बाहेर असताना रोज ठरल्या वेळी एकच निरोप मागा: खाल्लं का, शी-शू नीट झाली का, चाल नेहमीसारखी आहे का. खातानाचा छोटा व्हिडिओ मिळाला, तर उत्तम.

परतल्यावर कानात आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. पुढचे दोन-तीन आठवडे खोकला, ताप, जुलाब, सुस्ती यांवर लक्ष ठेवा. बाहेरून आलेला आजार उशिरा डोकं वर काढतो. आणि ज्यानं मनापासून सांभाळलं, त्याचे पैसे वेळेवर देऊन पुढच्या सुट्टीच्या तारखा त्याच्या कानावर घाला. असा माणूस हाताशी असला, की पुढच्या वेळी निम्मी तयारी आधीच झालेली असते.