आझाद मैदान ते अपोलो बंदर

दक्षिण मुंबईतली आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मैदानं मुळात खेळासाठी राखलेली नव्हती. इंग्रजांच्या किल्ल्यावरून तोफांचा मारा करायचा तर समोर आडोसा नको, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडला गेला आणि मोकळ्या जमिनीच्या कडेने हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय उभं राहिलं. एका अंगाला सरकार आणि त्याच्यासमोर हजारो माणसं मावतील एवढी जागा. मुंबईतल्या राजकीय संघर्षाच्या इतक्या खुणा सकाळच्या एका फेरफटक्यात पायी बघता येतात, त्याचं मोठं कारण ही रचना आहे असं मला वाटतं.

सुरुवात आझाद मैदानापासून करावी. १८५७ मध्ये मुंबईतल्या देशी पलटणींतल्या काही शिपायांनी दिवाळीत उठाव करायचा बेत केला होता. सोनापूरजवळच्या एका घरात त्यांच्या गुप्त बैठका होत. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटने वेष पालटून, भिंतीच्या भोकातून त्या ऐकल्या आणि बेत उघडकीला आला. १५ ऑक्टोबरला हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गडिया या दोघांना याच मैदानात तोफेच्या तोंडी दिलं गेलं. दिवाळी तोंडावर आली होती. उत्तरेतल्या सत्तावनच्या कथा आपल्याला पाठ असतात, पण ही दोन नावं मुंबईच्या शाळकरी मुलांनाही माहीत नसतात. ती माहीत असायला हवीत.

मैदानाच्या कडेकडेने दक्षिणेला गेलं की हायकोर्ट. तिथल्या सेंट्रल कोर्टात १३ ते २२ जुलै १९०८ या काळात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला चालला. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'त आलेले लेख हे निमित्त होतं. न्यायासनावर दिनशा दावर होते. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आता न्यायाधीश म्हणून त्यांनीच जामीन नाकारला, आणि तो मागणारे वकील होते महंमद अली जिना. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. ते भाषण दिवसचे दिवस चाललं. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन असा पडला आणि रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा ऐकवली गेली. शिक्षा ऐकून टिळक जे बोलले, ते आज त्याच कोर्टाबाहेर संगमरवरात कोरलेलं आहे. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच ते शब्द स्वतःच्या भिंतीवर लावले, याचं मोल मला फार वाटतं.

त्या निकालाचं उत्तर मात्र कोर्टात नव्हे, गिरणगावात मिळालं. शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक, असे सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. दूर युरोपात बसलेल्या लेनिनने या संपाची दखल घेतली.

हायकोर्टाच्या मागे हुतात्मा चौक. १८६४ पासूनचं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्याजवळ मशाल धरलेला शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला विधानसभेत मुंबई वेगळी काढून तीन राज्यं करण्याच्या प्रस्तावावर चर्चा व्हायची होती. आदल्या दिवशी चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांच्या सभेत लोकांचा भडका उडाला होता. विधानसभा तेव्हा रीगल सिनेमासमोरच्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. ती इमारत आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. चौकातून तिथवर पायी पंधरा मिनिटं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चाला तेवढंच अंतर कापायचं होतं. पोलिसांनी इथेच अडवलं, आधी अश्रुधूर, मग गोळ्या. त्या दिवशी पंधरा जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळ्या चालल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या हुतात्म्यांचा आकडा १०५ वर गेला. 'एकशे पाच हुतात्मे' आपण एका दमात म्हणतो. इथे थांबून एकेक नाव वाचावं. महाराष्ट्राला मुंबई मिळाली ती १ मे १९६० ला, पण किंमत आधीच चुकती झाली होती.

इथून हॉर्निमन सर्कलमार्गे टाउन हॉलकडे वळावं. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन इंग्रज होते; त्यांना सरकारने १९१९ मध्ये हिंदुस्थानाबाहेर घालवलं होतं, त्यांचंच नाव या वर्तुळाला आहे. पुढे, आज जिथे आयएनएस आंग्रे आहे, त्या कॅसल बरॅक्समध्ये १९४६ साली नौसैनिक लढले. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याची शिवीगाळ यांविरुद्ध बंड पुकारलं. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर युनियन जॅक उतरला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले. २१ तारखेला बरॅक्सला लष्कराने वेढा घातला आणि दोन्हीकडून तासन्‌तास गोळीबार झाला. खलाशांचं अन्नपाणी तोडलं होतं, तेव्हा मुंबईकर गेटवेवर, म्हणजे अपोलो बंदरावर, खाण्याची पुडकी आणि फळांच्या करंड्या घेऊन आले आणि नावांतून आलेल्या खलाशांच्या हाती दिल्या. हॉटेलवाल्यांनीही आपली दारं उघडली.

काँग्रेस आणि लीगच्या वरिष्ठ नेत्यांनी साथ दिली नाही. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांतल्या शेकडोंची नोकरी गेली, आणि स्वातंत्र्यानंतर भारताने वा पाकिस्तानने त्यांना नौदलात परत घेतलं नाही. हा अन्याय होता.

गेटवेला पोचल्यावर फेरी संपते असं मात्र मानू नये. खलाशांच्या पाठिंब्यासाठी झालेल्या २२ फेब्रुवारीच्या हरताळात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक गोळ्यांना बळी पडले, ते बहुतांशी इथले नव्हते. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे याच हरताळात गोळी लागून गेल्या. १९०८ चे संपकरी तिकडचेच, १९५५ च्या मोर्चात उतरलेले कामगारही तिकडचेच. तेव्हा दुसऱ्या सकाळी लोकल धरून परळ-लालबागला उतरावं आणि चाळींच्या गल्ल्यांतून हीच फेरी पुढे चालू ठेवावी.