चाळीस पायऱ्यांचे गणित

मुंबईच्या लोकलने शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलांना एक घोषणा तोंडपाठ असते : रूळ ओलांडू नका, पादचारी पुलाचा वापर करा! आणि गंमत बघा, घोषणा चालू असतानाच कुणीतरी फलाटावरून खाली उडी मारते आणि रूळ ओलांडून पलीकडे जाते. आपण म्हणतो, "काय हा वेडेपणा! वर पूल आहे ना?"

रूळ ओलांडणे जिवावर बेतणारे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. पण दोस्तांनो, तो पूल सगळ्यांना चढता येतो का?

चला, एक सोपे गणित करू. लोकलच्या डोक्यावरून जाणाऱ्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. ही तार इतकी जबर की स्पर्श न करता नुसते जवळ गेले तरी झटका बसू शकतो. म्हणून पूल तारेच्याही वर, सुरक्षित अंतर सोडून बांधावा लागतो. समजा, सहा मीटर चढायचे आहे आणि एक पायरी १५ सेंटिमीटरची आहे. म्हणजे झाल्या ४० पायऱ्या!

तुम्ही त्या धावत चढाल. पण गुडघे दुखणारी आजी? कडेवर बाळ आणि हातात पिशवी घेतलेली आई? चाकाच्या खुर्चीतल्या मित्राला तर एक पायरीसुद्धा भिंतीसारखीच.

मग पायऱ्यांऐवजी उतार केला तर? चाकाची खुर्ची चढवायची तर एक मीटर उंचीसाठी निदान १२ मीटर लांब उतार हवा. म्हणजे सहा मीटरसाठी ७२ मीटर, लोकलच्या साधारण साडेतीन डब्यांइतका! शिवाय मध्ये दम खायला सपाट जागा हवी ती वेगळीच. गजबजलेल्या स्टेशनात एवढी जागा मिळणे कठीण, म्हणून लिफ्ट लावतात. सरकत्या जिन्याने आजीची सोय होते, पण चाकाच्या खुर्चीला त्याचा उपयोग नाही. लिफ्ट मात्र चालू असायला हवी बरं का! बंद लिफ्ट म्हणजे नसलेली लिफ्ट.

चढण्याइतकीच महत्त्वाची आहे रुंदी. २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ. एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्टेशनात धो धो पाऊस पडत होता. माणसे आडोशाला पुलावर आणि जिन्यात थांबली, मागून गाड्यांमधून आणखी माणसे येत राहिली. अरुंद जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचे प्राण गेले. एकेकाळी या भागात कापडगिरण्या होत्या. त्या बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच उंच कचेऱ्या आल्या. गर्दी कितीतरी वाढली, पूल मात्र तेवढाच राहिला. पुढे लष्कराच्या जवानांनी तिथे नवा पूल उभारला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.

तिसरी गोष्ट मजबुती. ३ जुलै २०१८ला अंधेरीला गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा, रस्त्यावरचा पादचारी पूल पडला. त्याची तपासणी झाली होती आणि फक्त किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या! म्हणजे नुसती तपासणी पुरत नाही, ती मन लावून व्हायला हवी.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण मोलाच्या. पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी असली, की कमी दिसणाऱ्याचा पाय चुकत नाही. कठडा शेवटच्या पायरीपर्यंत हवा. जमिनीवरच्या त्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्या पाहिल्यात? त्या शोभेच्या नाहीत. लांब रेघा म्हणजे 'पुढे चला', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, सावध'. अंध माणूस त्या काठीने आणि पायाने वाचतो. त्यांच्यावर सामान ठेवणे म्हणजे त्याचे पुस्तकच मिटून टाकणे!

आपणही काही करू शकतो. जिन्यात थांबून गप्पा मारू नका. गर्दीत चप्पल निसटली तरी वाकू नका. दाटी झाली तर दोन्ही हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. आणि पुलावरून तारेकडे काठी, छत्री किंवा पतंगाचा मांजा कधीही नेऊ नका.

या रविवारी घरच्या मोठ्या माणसांबरोबर तुमच्या स्टेशनच्या पुलावर जा. पायऱ्या मोजा. कठडा हलतो का? लिफ्ट चालू आहे का? फरशी ओली झाली की निसरडी होते का? सगळे वहीत टिपा आणि स्टेशन मास्तरांना नीट, सभ्य भाषेत पत्र लिहा. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या घ्या.

आणि हो, एकदा आजीचा हात धरून तो पूल चढा. चाळीस पायऱ्या म्हणजे किती, ते तेव्हाच कळेल.