प्रत्येकाचा ‘सा’ वेगळा

‘याला गाणे जमणार नाही, उगाच पैसे कशाला घालवता?’ असे सांगून संगीताच्या शिकवणीतून परत पाठवलेली मुले बेसूर असतातच असे नाही. कुणी एका जागी बसत नाही, कुणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, कुणी तबल्यावर थाप पडताच कानांवर हात ठेवतो, तर कुणी स्वरलिपीची वही पाहून गोंधळतो. स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता ही या अडचणींची आज परिचित झालेली नावे. हे वेगळेपण म्हणजे केवळ दोष नव्हे, मेंदूच्या घडणीतील ती नैसर्गिक विविधता आहे, हा विचार १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या शब्दातून रूढ होऊ लागला. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने त्यातील एक बाजू घरोघरी पोहोचवली. मात्र चर्चा झाली ती प्रामुख्याने शाळेची. खासगी शिकवणी तिच्याबाहेरच राहिली.

मोठ्या शहरात एका शिकवणीने दार लावले, तर दुसरी शोधता येते. हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात पर्याय मोजकेच असतात. तेथे मिळालेला नकार हा बहुधा मुलाच्या संगीतशिक्षणाचा शेवटच ठरतो.

परंपरेतच उत्तर

गायनाचार्य विष्णू दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ मध्ये याच जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली, नेहमीच्या शिक्षणाची वाट अडली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. एक वाट बंद झालेल्या मुलाला गुरुमुखी विद्येने दुसरी वाट दिली. समोर एकच शिष्य, पाठ कानाने घ्यायचा, एकच पलटा शंभरदा घोटायचा आणि पुढचा पाठ शिष्याची तयारी पाहून द्यायचा, ही जुनी रीत आज वेगळ्या घडणीच्या मुलांसाठी सुचवल्या जाणाऱ्या पद्धतींच्या फार जवळची आहे. पुढे याच पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत वर्गात आणले. त्यामुळे ते हजारोंपर्यंत पोहोचले. पण वर्गाबरोबर ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी आणि परीक्षाही आल्या. काही मुले अडतात ती सुरांपाशी नव्हे, या चौकटीपाशी.

शिकवणीत काय बदलावे?

पहिली भेट गाण्याची नसावी. कोणता आवाज सहन होत नाही, कशाने मूल शांत होते, अंगाला हात लावलेला चालतो का, हे पालकांना विचारून घ्यावे. शिकवणीची खोली मुलाला रिकामी असताना दाखवावी. तास वीस-पंचवीस मिनिटांचाच, पण वार, वेळ आणि बसण्याची जागा ठरलेली असावी. तानपुरा, सरगम, पलटे, ठेका, गाणे हा क्रम चित्रांच्या पाच पत्त्यांवर मांडून एक भाग संपला की पत्ता उलटा ठेवला, तर ‘आता पुढे काय’ ही धास्ती कमी होते. बाजाराच्या दिवशीचा गोंगाट लक्षात घेऊन रस्त्यापासून दूरची खोली निवडावी आणि ध्वनिवर्धक टाळावा.

सूचना छोटी आणि सरळ द्यावी. ‘आवाज पोटातून काढ’ हे वाक्य शब्दशः घेणारे मूल बुचकळ्यात पडते. त्याला गाऊन दाखवणेच बरे. डोळ्यांत डोळे घालून पाहण्याचा आग्रह नको. अंग डोलावत ऐकणारे मूलही ऐकतच असते.

स्वमग्न व्यक्तींमध्ये निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे कोणत्याही आधाराशिवाय स्वराची नेमकी उंची ओळखण्याची क्षमता, इतरांपेक्षा अधिक आढळते, असे अभ्यास सांगतात. भारतीय संगीतात षड्ज मात्र गायकानुसार बदलतो. काळी एकचा ‘सा’ कानात पक्का बसलेल्या अशा मुलाला पांढरी चारचा ‘सा’ चक्क चूक वाटू शकतो. तेव्हा दीर्घकाळ एकच पट्टी ठेवावी आणि बदलायची झाल्यास आधी सांगावे.

चंचल मुलाला बसवून ताल शिकवण्याचा हट्ट कशाला? त्रितालाच्या सोळा मात्रा सोळा पावलांत चालता येतात; पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या पावलाला टाळी, नवव्याला खाली. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला आधी कानाने शिकवावे. स्वरलिपी नंतर, मोठ्या अक्षरांत आणि मोजक्या ओळींत द्यावी. परीक्षेला बसवायचे की नाही, हे गाण्याची गोडी लागल्यावर ठरवावे.

एखाद्या दिवशी मूल किंचाळले, जमिनीवर लोळले, तर तो उद्धटपणा समजू नये. सहनशक्ती संपल्याची ती खूण असते. पेटी बंद करावी, बोलणे थांबवावे, पालकांना जवळ येऊ द्यावे. राहिलेला पाठ पुढच्या तासाला घेता येतो.

शिक्षक, उपचारक नव्हे

संगीताने मूल ‘बरे’ होईल, असे आश्वासन कुणी देऊ नये. नऊ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत संगीतोपचाराने स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता विशेष कमी झाल्याचे दिसले नाही. यात निराश होण्याजोगे काही नाही. इतर मुले गाणे शिकतात ती बरे होण्यासाठी नव्हे. मग या मुलांनाच ती अट का?

अडचण व्यवहाराचीही आहे. दहा जणांच्या तुकडीऐवजी एकालाच वेळ दिला, तर शिक्षकाचे उत्पन्न घटते. तुकडी येण्याआधीचा अर्धा तास राखून ठेवणे आणि काही महिन्यांनी स्वभाव जुळणाऱ्या दोन मुलांना एकत्र बसवणे, हा त्यातला मधला मार्ग. शुल्क किती आणि चुकलेल्या तासाचे काय, हे सुरुवातीलाच स्पष्ट बोललेले बरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश केला आणि ‘वाजवी सोय’ ही कल्पना कायद्यात आणली. शिकवणीपुरता तिचा अर्थ फार खर्चिक नाही.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात प्रत्येकाने मंचावर गायलेच पाहिजे असेही नाही. एखादे मूल मागे बसून तानपुरा छेडील, एखादे चार ओळखीच्या माणसांसमोर आदल्या दिवशी गाईल. तेही संगीतच आहे. ते ऐकण्याइतका धीर शिक्षकापाशी असला, की शिकवणीचे निम्मे काम झाले.